बिनतारी नाडी

शनिवारी सकाळी काष्टीच्या बाजारात उभे राहावे आणि काहीही विकत न घेता थोडा वेळ नुसते पाहावे. दौंडहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव जनावरांच्या बाजारासाठी दूरवर माहीत आहे. दावणीला बैल, संकरित गाई, म्हशी. कुणी दात पाहतो आहे, कुणी खोंडाला चार पावले चालवून पाहतो आहे. सौदा ठरू लागला की दोन हात एका रुमालाखाली जातात आणि बोटांच्या दाबाने भाव सांगितला जातो. तो कुणाला ऐकू येत नाही.

या रुमालाखालच्या हातांची मौज सगळेच सांगतात. मला मात्र दुसऱ्याच एका हाताचे नवल वाटत आले आहे. जाणता शेतकरी गाय घेण्यापूर्वी तिच्या कानाच्या मुळाशी हात लावतो, नाकावर घामाचे दव आहे का ते पाहतो, कुशीचे हलणे पाहतो, आणि मग शेपटी उचलून तिच्या मुळाशी, खालच्या बाजूला, बोटे टेकवून गप्प उभा राहतो. अशाच एका म्हाताऱ्या बाबांना मी एकदा विचारले, "बाबा, तिथं काय चाचपता?"

ते म्हणाले, "मास्तर, जनावर काय बोलत न्हाई. तितं त्येचं बोलणं हाताला लागतं."

बाबांना त्या जागेचे शास्त्रातले नाव ठाऊक नव्हते, पण पशुवैद्यकाच्या पुस्तकातही गाईची नाडी पाहायला हीच जागा सांगितलेली आहे. शेपटीच्या खालून एक धमनी जाते. धडधाकट गाईची नाडी तिथे मिनिटाला साधारण पन्नास ते ऐंशी पडते. अंगाची उष्णता, नाडी, श्वास या जिवंतपणाच्या खुणा. दवाखान्यात त्यांत रक्तदाबाची आणि रक्तातल्या प्राणवायूची भर पडते. आज याच खुणा मनगटावरचे घड्याळ, छातीवर चिकटवलेली पट्टी किंवा गाईच्या गळ्यातला पट्टा ओळखतो आणि तारेवाचून दूरच्या माणसाला कळवतो. बाबांच्या बोटाखालचे ते बोलणे हवेतून कसे जाऊ लागले, ती हकिगत आज सांगायची आहे.

नाडी पाहणे आपल्याकडे जुने आहे, पण समजले जाते तितके नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षेचा विस्तार नाही. ती ठळकपणे येते ती पुढे, शार्ङ्गधरसंहितेत. तिथे नाडीची चाल प्राण्यांच्या चालीवरून ओळखायला सांगितली आहे. वाताची नाडी सापासारखी, जळवेसारखी. पित्ताची बेडकासारखी उड्या मारणारी. कफाची हंसासारखी संथ. ही उपमा सुरेख आहे, आणि ज्याने साप, बेडूक आणि हंस नीट पाहिले आहेत त्याला उपयोगीही पडते. अडचण एवढीच की, एका वैद्याच्या बोटाला जे बेडकासारखे वाटले ते दहा कोसांवरच्या दुसऱ्या वैद्याला कसे कळवायचे? बोटाखालचे ज्ञान बोटापाशीच राही.

त्यासाठी आकडा हवा होता. 1707 साली सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ वापरून त्यावर पुस्तक लिहिले. ताप मोजण्याची गोष्ट त्याहून सावकाश झाली. जर्मनीत लाइपझिग येथे वुंडरलिख या डॉक्टरने सुमारे 25,000 रोग्यांचे ताप नोंदवून 1868 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा थर्मामीटर चांगलाच लांब होता आणि तो काखेत धरून पंधरा-वीस मिनिटे बसावे लागे. तापलेल्या पोराला वीस मिनिटे तसे धरून बसवणाऱ्या आईची कल्पना करा. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट याने सहा इंची, पाच मिनिटांत काम भागवणारा थर्मामीटर केला, तेव्हा कुठे ते यंत्र डॉक्टरच्या खिशात मावले.

आकडा मिळाला. आता तो प्रवासाला निघायचा होता.

त्याचा पहिला मोठा प्रवास तारेवरून झाला, आणि तो झाला तो यंत्र हलेना म्हणून. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोफेन या शास्त्रज्ञाने हृदयाची वीज नोंदवणारे यंत्र तयार केले होते. होय, हृदयाला वीज असते. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात विजेची एक लाट उठते आणि कातडीपर्यंत पोचते. तिथे ती जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट उरते. बॅटरीतला साधा सेल दीड व्होल्टाचा असतो, म्हणजे ही वीज त्याच्या दीड हजाराव्या भागाएवढी. एवढीशी कुजबूज ऐकायला आइंटहोफेनचे यंत्र सुमारे 270 किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवीत. रोगी दवाखान्यात, यंत्र प्रयोगशाळेत, मध्ये दीड किलोमीटर अंतर. रोग्याला उचलून आणता येईना, यंत्र नेता येईना. तेव्हा टेलिफोनची तार जोडली गेली आणि 1905 च्या मार्चमध्ये माणसाच्या हृदयाचा आलेख दीड किलोमीटर दूर उमटला. आइंटहोफेनला पुढे 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काष्टीच्या शेजारून दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 पासून जातो आहे. रुळांच्या कडेच्या तारांवरून गाड्यांच्या खबरा जात तेव्हा त्या खांबांखाली गुरे चारणाऱ्या कुणाला अशा तारेवरून हृदयही बोलेल असे सांगितले असते, तर त्याने वेड्यातच काढले असते. पण तारेला एक दोष आहे. ती माणसाला बांधून ठेवते. लायडनचा रोगी भांड्यांत हातपाय बुडवून निश्चल बसलेला. चाळीस वर्षांनंतरही गोष्ट फारशी बदलली नव्हती. यंत्र लहान झाले, भांडी गेली, तरी माणसाला पलंगावर निजवूनच हृदयाचा आलेख काढीत.

याच्याविरुद्ध एका माणसाने हट्ट धरला. नॉर्मन होल्टर हा अमेरिकेतील माँटाना प्रांताच्या हेलेना या गावचा. डॉक्टर नव्हे, पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. महायुद्धात आरमारासाठी त्याने समुद्राच्या लाटांचा अभ्यास केला होता. त्याचे म्हणणे साधे होते. माणूस दिवसभर चालतो, चढतो, रागावतो, जेवतो, झोपतो. त्याला चक्कर येते ती शेतात, छातीत कळ येते ती जिना चढताना. दवाखान्यात निजवल्यावर काढलेला पाच मिनिटांचा आलेख नीट निघतो आणि रोगी घरी जातो. गोठ्यात बसलेला बैल पाहून तो औताला कसा चालेल हे ठरवण्यासारखेच हे झाले. आपला एकही बाजारकरी असा फसणार नाही. तो बैल चालवून पाहतो.

म्हणून होल्टरने हृदयालाच नभोवाणी केंद्र जोडले. 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने एक यंत्र बांधले. ते पाठीवर घ्यायचे, छातीला दोन टोके लावायची, ती क्षीण वीज वाढवायची आणि रेडिओच्या लहरींवर सोडायची. दुसऱ्या खोलीतील संग्राहकावर आलेख उमटे. जुना रेडिओ ज्यांनी वापरला आहे त्यांना आठवेल, बटण फिरवल्यावर आतले दिवे तापेपर्यंत आवाज येत नसे. तसलेच दिवे, त्यांना पुरतील इतक्या बॅटऱ्या, हे सगळे ओझे सुमारे 38 किलो होते. ते पाठीवर घेऊन होल्टर स्वतः जागच्या जागी सायकल मारत होता. त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. हमालाच्या पाठीवरच्या पोत्यासारखे यंत्र आणि पुढे वाकून पायडल मारणारा माणूस. त्या ओझ्याने कुणाचेही हृदय धडधडले असते. मोजायचे ते चालण्याने की वजनाने, असा प्रश्न कुणी विचारला असेल तर तो गैर नव्हता.

पण 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला होता. आपल्या शेताच्या बांधावर ज्याने रेडिओ आणून ठेवला, तोच हा ट्रान्झिस्टर. तापणारे दिवे गेले, मोठ्या बॅटऱ्या गेल्या, आणि पोत्याचे पाठीवरचे ओझे उतरत उतरत किलोभरावर आले. तेव्हा होल्टरने एक शहाणपण केले. रेडिओचा पल्ला थोडा. माणूस पल्ल्याबाहेर गेला की आलेख तुटतो. म्हणून त्याने लहरी सोडण्याऐवजी कमरेच्या फितीवरच ठोके साठवायला सुरुवात केली आणि 1961 साली ती पद्धत प्रसिद्ध केली. आज चोवीस तास कमरेला डबी बांधून जो "होल्टर" करायला डॉक्टर सांगतात, तो हाच. यंत्राला माणसाचे नाव चिकटले आणि माणूस विसरला गेला. 1983 साली तो वारला.

इथे एक आडवाटेची गोष्ट सांगून टाकतो. 1970 साली उदयपूरला एका योग्याने खड्ड्यात आठ दिवस बंद राहण्याचा प्रयोग केला. डॉक्टरांनी त्याच्या अंगाला हृदयालेखाच्या तारा लावून यंत्र बाहेर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ठोके फार वाढले आणि मग आलेखाची रेघ एकदम सपाट झाली. डॉक्टर घाबरले. यंत्र तपासले; बिघाड नव्हता. आठव्या दिवशी खड्डा उघडण्यापूर्वी थोडा वेळ रेघ पुन्हा हलू लागली आणि योगी जिवंत बाहेर आला. मधल्या दिवसांत हृदय गप्प होते की तार? त्या डॉक्टरांनी 1973 साली ही हकिगत शास्त्रीय मासिकात छापली, तेव्हाही हा प्रश्न सुटला नव्हता. माझे मत विचाराल तर मी तारेवर संशय घेईन. पण माझ्या मताला तिथे काय किंमत? मुद्दा वेगळा आहे. अंगाला लावलेले यंत्र गप्प झाले म्हणजे अंग गप्प झाले असे नव्हे, आणि बोलते आहे म्हणजे खरेच बोलते असेही नव्हे. पट्टी घामाने सुटते, बॅटरी उतरते, हात हलला की ठोका दुप्पट मोजला जातो. आजच्या मनगटी घड्याळांनाही हा दोष आहे.

बिनतारी नाडीने आणखी लांबची मजल मारली ती 3 नोव्हेंबर 1957 रोजी. रशियाच्या दुसऱ्या स्पुटनिकमध्ये लायका नावाची कुत्री होती. मॉस्कोच्या रस्त्यांवरून आणलेली, लहानखुरी. तिच्या अंगाला संवेदक लावलेले होते. संवेदक म्हणजे ठोका, श्वास, उष्णता जाणून तिचे विजेच्या खुणांत रूपांतर करणारा तुकडा. उड्डाण होताना तिची नाडी तिपटीने वाढली. वजनरहित झाल्यावर ती हळूहळू उतरली, पण जमिनीवर जेवढा वेळ लागे त्याच्या तिपटीने वेळ लागला. हे सारे शेकडो किलोमीटर खाली लोकांना कळत होते. यानात उष्णता वाढत गेली आणि काही तासांतच लायका मेली, हे मात्र जगाला 2002 साली सांगण्यात आले. तिला परत आणण्याची सोय मुळातच केलेली नव्हती. तिच्या हृदयाची खबर पृथ्वीवर बरोबर पोचली, आणि खबर ऐकणाऱ्यांच्या हातात करण्यासारखे काही नव्हते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आता गडचिरोलीला या.

डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी तिथे "सर्च" ही संस्था काढून 1980 नंतरच्या दशकात गावोगाव बालमृत्यूंचा शोध घेतला. लहान मुले न्यूमोनियाने जात होती. आई म्हणे, पोट उडते आहे. दवाखाना दूर, मध्ये जंगल आणि नदी. न्यूमोनिया ओळखण्याची एक साधी खूण आहे, श्वास जलद चालतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या मुलाचा पन्नास किंवा अधिक झाला की सावध व्हावे. ही खूण शहरात यंत्र मोजते. गावात बाळाजवळ कोण असते? सुईण. तिला लिहिता-वाचता येत नाही, घड्याळ नाही, आणि हलत्या पोटाकडे पाहून साठापर्यंत न चुकता मोजणे तिला जमत नाही. खरे सांगायचे तर ते शिकलेल्यांनाही सहज जमत नाही. शिक्षक मंडळींनी झोपलेल्या मुलावर करून पाहावे.

तेव्हा सर्चने एक श्वासमापक तयार केला. लाकडी पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ. वाळू उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आले म्हणजे झाले. एक ओळ तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी; प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल मणी. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया समजावा. शाळेतल्या मणीपाटीची ही बहीणच. तिच्यात वीज नाही, तार नाही, लहरी नाहीत.

आणि लाल मण्यानंतर काय? इथेच गडचिरोलीच्या कामाचे मर्म आहे. त्या सुईणीच्या, त्या गावच्या आरोग्यसेवकाच्या हातात औषधही दिलेले होते, आणि ते द्यायचा अधिकारही. मोजणारी आणि उपाय करणारी व्यक्ती एकच, आणि ती बाळाच्या घरापासून दहा घरांवर राहणारी. 58 गावांत असे उपचार झाले, 44 गावे तुलनेसाठी होती. उपचार झालेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी शेकडा एकाहूनही कमी, 0.8 टक्के, दगावली. तुलनेच्या भागात हे प्रमाण 13.5 टक्के होते. "लॅन्सेट" या वैद्यकीय साप्ताहिकात 1990 साली हे आकडे छापले गेले. लायकाच्या अंगावर त्या काळातली उत्तम यंत्रे होती आणि गडचिरोलीच्या सुईणीकडे मणी होते. कुणाच्या उपयोगी काय पडले, हे मी वेगळे सांगायला नको.

म्हणून मला वाटते, या बिनतारी यंत्रांची परीक्षा करताना यंत्र किती लांब बोलते याच्याही आधी विचारावे की पलीकडे ऐकणारा कोण आहे, तो जागा आहे का आणि त्याच्या हातात काय आहे.

आपल्या राज्यात हा प्रश्न घरोघर आला तो 2020 साली. करोनाच्या साथीत माणूस बोलत बसलेला असे, आणि आतून रक्तातला प्राणवायू उतरत जाई. तो ओळखणारा बोटावरचा चिमटा, ऑक्सिमीटर, तेव्हा सर्वांच्या तोंडी आला. अंधाऱ्या खोलीत पेटत्या बॅटरीच्या काचेवर मूठ झाका. बोटे लाल उजळतील. वर्गात हा प्रयोग जरूर करावा. रक्तात प्राणवायू भरपूर असेल तर ते तांबडा प्रकाश अधिक जाऊ देते, कमी असेल तर तो अडवते. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून पाठवून त्यांची तुलना यंत्र करते. पण बोटात हाड आहे, मांस आहे, कातडी आहे. यातून रक्त वेगळे कसे काढायचे? जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 साली ओळखले की हलते ते फक्त रक्त, तेही नाडीबरोबर. जेवढा प्रकाश ठोक्यागणिक कमी-जास्त होतो तेवढाच हिशेबात धरायचा. म्हणजे मूळ खूण पुन्हा नाडीच. आओयागी 18 एप्रिल 2020 रोजी वारले. साथीत त्यांचे यंत्र जगभर बोटाबोटांवर होते त्याच दिवसांत.

महाराष्ट्रात 15 सप्टेंबर 2020 पासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम निघाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायू मोजू लागले. आकडा 95 च्या खाली गेला तर पुढे पाठवायचे. पुष्कळ घरांत आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दारात येऊन घरातल्या म्हातारीचे बोट हातात घेतले. यंत्राइतकीच मला ती गोष्ट मोठी वाटते. आशाताईंच्या श्रमांचा मोबदला त्या श्रमांना साजेसा होता असे मात्र कुणी म्हणू नये.

याच सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अप्रिय गोष्ट दाखवून दिली. बोटावरचे यंत्र 92 ते 96 असा बरा आकडा दाखवत असताना रक्त काढून तपासले, तर काही जणांचा खरा प्राणवायू 88 च्याही खाली निघाला. गोऱ्या रोग्यांत असे शंभरात तीन-चार वेळा झाले, काळ्या रोग्यांत सुमारे बारा वेळा. गडद कातडी प्रकाश शोषते आणि यंत्राची समजूत चुकते. आपल्या उन्हातान्हात राबणाऱ्या लोकांची कातडी कोणत्या रंगाची असते ते सांगायला नको. आकडा बरा दिसतो आहे पण माणूस धापा टाकतो आहे, असे असेल तर माणसावर विश्वास ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

तारा काढून टाकण्याची गरज कुणाला सर्वांत जास्त असेल, तर ती वेळेआधी जन्मलेल्या बाळाला. त्याची कातडी कागदासारखी. चिकटपट्टी ओढली तर सोलून येते. अंगावर तारांचे जाळे असले की आईला बाळ छातीशी धरता येत नाही, आणि अशा बाळाला ऊब हवी असते ती आईच्या छातीचीच. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली दोन पातळ, मऊ पट्ट्या दाखवल्या, एक छातीवर, एक पायावर. ठोके, श्वास, उष्णता, प्राणवायू सारे तारेवाचून कळते. आपल्याकडे बंगळुरात बेम्पू नावाचे कडे निघाले. ते तान्ह्याच्या मनगटात घालायचे. बाळ गार पडू लागले की ते वाजते. दूरच्या डॉक्टरला काही कळवत नाही. शेजारी झोपलेल्या आईला उठवते, आणि ती बाळाला पोटाशी घेते. मला हे कडे फार आवडले.

आपल्या मराठी मुलखातही हे काम चालले आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावेल असे हृदयालेखाचे यंत्र बनवले, ते मोबाइलवरून आलेख डॉक्टरकडे पाठवते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आय.आय.टी. यांतील संशोधकांनी 2007 साली "नाडीतरंगिणी" नावाची रचना मांडली. वैद्य मनगटावर जिथे तीन बोटे ठेवतो तिथे तीन संवेदक ठेवून दाबाचे तरंग नोंदवायचे. शार्ङ्गधराच्या साप-बेडकांचा आलेख निघू लागला म्हणा ना! त्यावरून रोग किती ओळखता येईल हा वैद्य-डॉक्टरांच्या वादाचा विषय आहे. त्यात मी पडत नाही.

आता पुन्हा काष्टीच्या बाजारात, कारण जनावरांची बिनतारी नाडी आपल्या पोटापाण्याशी अधिक जवळची आहे. हल्ली गाईंच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो, त्यावर बारा आकडे. पुष्कळांना वाटते, हा बिल्ला सरकारला काहीतरी कळवत असतो. तो काही कळवत नाही. ती नुसती ओळख आहे, शाळेतल्या हजेरीच्या क्रमांकासारखी. बोलणारा पट्टा निराळा, तो गळ्यात किंवा पायात असतो. त्याची सुरुवात पावले मोजण्यापासून झाली. माजावर आलेली गाय स्वस्थ राहत नाही. 1977 साली अमेरिकेतील किडी या संशोधकाने गाईंच्या पायाला पावले मोजणारे यंत्र बांधून दाखवले की माजाच्या वेळी चालणे दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढते. माज पुष्कळदा रात्री येतो आणि पाऊण दिवसात निघून जातो. तो चुकला की पुढचे एकवीस दिवस गाय नुसती खाते. दुधावर घर चालणाऱ्याला या एकवीस दिवसांची किंमत कळते.

नंतरच्या पट्ट्यांना रवंथही कळू लागले. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. ते घटले की काहीतरी बिघडले, बहुधा ताप दिसण्याच्याही आधी. पोटात राहून आतली उष्णता कळवणारी गोळीसुद्धा निघाली आहे. गाय पाणी प्यायली की त्या गोळीला वाटते, गाय गार पडली! मोठ्या गोठ्यांना हे परवडते. तीन गाई असणाऱ्याला आज तरी नाही, आणि गोठ्यात मोबाइलची रेंज नसेल तर पट्टा गळ्यातली घंटा होऊन बसतो, ती वाजतही नाही.

पण ताप मोजण्याची गरज परवडण्यावर थांबत नाही. 2022 साली लम्पी त्वचारोग आला आणि राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्या रोगात अंगावर गाठी उठण्यापूर्वी ताप येतो. त्या मधल्या दिवसांत जनावर वरवर बरे दिसते. अशा जनावराचा बाजार म्हणजे रोगाचा बाजार.

गेल्या खेपेला बाबा भेटले तेव्हा मी त्यांना गळ्यातल्या पट्ट्याची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "मास्तर, रातच्याला त्यो फोन वाजला तर डाक्टर कोन उठवनार?" मला उत्तर सुचले नाही. मी पिशवीतून साधा थर्मामीटर काढून दाखवला. गाईचा ताप गुदद्वारातून पाहायचा. टोकाला थोडे तेल लावायचे, शेणात न रुतवता आतल्या बाजूला टेकवायचा, दोन मिनिटे थांबायचे. साडेएकशेएक अंश फॅरनहाइटच्या आसपास म्हणजे ठीक, एकशेतीनच्या वर गेले तर डॉक्टरला बोलवायचे. आणि मागे दोरा बांधून तो शेपटीच्या केसांना अडकवायचा, नाहीतर गाय थर्मामीटर आत ओढून घेते किंवा खाली पाडून फोडते.

"दोरा हाय का?" बाबांनी विचारले. माझ्याकडे नव्हता. त्यांनी आपल्या पटक्याची एक दशी ओढून काढली, गाठ मारली, आणि सवयीने आधी शेपटीच्या मुळाशी बोटे टेकवून थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग थर्मामीटर लावला. एकशेएक आणि वर चार रेघा. त्यांनी मान हलवली, हेड्याकडे वळले आणि रुमाल मागितला.